गर्टी टीचरांचा दयेचा वर्ग

फादरांनी मला दोन पानं लिहायला सांगितली होती. आमच्या चर्चची पत्रिका निघते, तिच्यात नुकत्याच वारलेल्या गर्टी टीचरांच्या आठवणींचा लेख हवा होता. "तू तिच्याबरोबर इतने साल काम केला, तूच लिही. छान लिही," असं ते म्हणाले. फादर मंगळूरकडचे आहेत आणि मराठीतलं 'छान' हे एकच विशेषण त्यांना येतं. मी दोन पानं लिहून दिली. टीचरांची शिस्त, टीचरांची श्रद्धा, टीचरांचा वक्तशीरपणा, सगळं आलं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. पण पत्रिका छापून हातात आली आणि माझी मलाच चीड आली. म्हणून हे दुसरं लिहितेय. हे पत्रिकेत येणार नाही आणि यावं अशी माझी इच्छाही नाही.

आधीच सांगून टाकते, मला गर्टी टीचर आवडत नव्हत्या. 'आवडत नव्हत्या' हा फार सभ्य शब्द झाला. मधली दोन वर्षं अशी गेली की बाजारात त्यांचा आवाज कानावर पडला तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची आणि मी भाजी न घेता दुसऱ्या गल्लीत वळायचे.

पूर्ण नाव गर्ट्रूड. भाईंदर पश्चिमेच्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. उंच, सडसडीत, मे महिन्याच्या उकाड्यातही खळ घातलेली कॉटनची साडी, पदराला दोन पिना. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. पर्समध्ये लाल पेन दोन, एक संपलं तर दुसरं. स्टेशनरोडवरून त्या चालायला लागल्या की फळवाले, रिक्षावाले, बँकेतला कॅशियर, सगळे सावरून उभे राहत, कारण त्यातल्या निम्म्यांनी त्यांच्या हातची पट्टी खाल्लेली होती. त्यांना हे फार आवडायचं. "अजून ओळखतात मला," असं त्या म्हणत. लोक ओळखत होते हे खरं, पण कशासाठी, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, एक दया अभ्यासगट होता. देवाची दया या एकाच विषयाचा अभ्यास करायचा, असा तो गट. येशूला क्रुसावर मरण आलं ते शुक्रवारी दुपारी तीन वाजता, म्हणून शुक्रवारी तीनचा तास हा दयेचा तास. त्या वेळी चर्चमागच्या हॉलमध्ये पंधराएक बायका आणि दोन निवृत्त पुरुष जमायचे. दयेची जपमाळ म्हणायची, बायबलमधल्या शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचायचा, त्यावर आपापल्या घरचं चार शब्द बोलायचं, मग कोणीतरी आणलेले चणे नाहीतर केकचा तुकडा खायचा आणि पाच वाजेपर्यंत गप्पा. माझी आई, मोनिका, पहिल्यापासून त्या गटात होती. तिथली बाई, जी हे सगळं हसतखेळत चालवायची, मुलाकडे कॅनडाला गेली आणि गर्टी टीचरांनी गट ताब्यात घेतला. मुद्दाम ताब्यात म्हणतेय. पहिल्या शुक्रवारी फळा आला, दुसऱ्या शुक्रवारी हजेरीची वही आली, तिसऱ्या शुक्रवारी चणे बंद झाले.

मी एका वकिलाकडे मराठी टायपिंग करते. शुक्रवारी दुपारनंतर मोकळी असायचे, म्हणून आईला हॉलपर्यंत सोडायला जायचे. टीचरांनी मला एकदा विचारलं, "टाइप करता येतं ना तुला?" मी हो म्हटलं आणि तिथून पुढे चार वर्षं मी त्यांची बिनपगारी कारकून झाले. नोटिसा, उताऱ्यांच्या प्रती, नियमांची यादी, सगळं माझ्याकडून. नियम सतरा होते. त्यातला पहिला, तीन वाजता दाराला कडी लागेल.

आणि ती लागायची. तीन म्हणजे टीचरांच्या घड्याळातले तीन, आणि ते घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं. दोन वाजून पंचावन्न मिनिटांनी आलेल्या बाईच्या तोंडावर दयेच्या वर्गाचं दार बंद व्हायचं. एकदा खुद्द फादर बाहेर राहिले. त्यांनी दार वाजवलं, आतून टीचर म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी, फादर." फादर म्हणाले, "टीचर, थोडा एडजस्ट करा ना." आतून फळ्यावर खडू वाजायला लागला. फादर निघून गेले. पुढच्या रविवारी त्यांच्या प्रवचनातल्या अकरा चुका टीचरांनी कागदावर लिहून, लाल पेनाने खुणा करून त्यांच्या हातात दिल्या.

त्यांची वाक्यं ठरलेली असत. "देवाची दया अपार आहे, पण हॉल पाचपर्यंतच आपला आहे." "दया भावनेनं होत नाही, तयारीनं होते." कोणी घरचं रडगाणं लावलं की, "विषयाला धरून बोला." एकदा एक बाई नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा गटात आली आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं. टीचर खडू हातात धरून थांबल्या. तिचं रडणं थांबेपर्यंत थांबल्या, हे मान्य करते. मग म्हणाल्या, "झालं? आता मुद्दा क्रमांक तीन."

माझ्या आईला मात्र त्या प्राणापलीकडे आवडायच्या. हे मला त्या वेळी कळत नव्हतं आणि आता कळतं तेव्हा जास्त राग येतो. आईची शाळा चौथीत सुटली होती. वडील मिठागरावर कामाला, पाठीवर चार भावंडं, मग तिला घरी बसवलं. साठी उलटल्यावर तिला पहिल्यांदा टीचर मिळाल्या, फळा मिळाला, गृहपाठ मिळाला. ती वहीला खाकी कव्हर घालायची. गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाक लवकर आटपून ओट्यावरच वही उघडून बसायची आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायची. मी चेष्टा केली की म्हणायची, "हसू नको. टीचर उद्या विचारतील."

याच वर्गाला एक विद्यार्थिनी अशी होती जिचं नाव वहीत नव्हतं. आग्नेस. उत्तनची कोळीण, सकाळपासून भाईंदरच्या बाजारात मासे विकायची आणि माशांची रिकामी पाटी घेऊन बसने परत जायची. आमच्या चर्चसमोरच तिचा बसस्टॉप. पहिल्यांदा आली तेव्हा तीन वाजून गेले होते. दार वाजवलं, उघडलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी वेळेत आली तर टीचरांनी नाक पदराने झाकलं आणि म्हणाल्या, "पाटी हॉलमध्ये नाही. हात धुऊन, कपडे बदलून ये." बाजारातून येणारी बाई कपडे कुठे बदलणार? आग्नेस वाद घालत बसली नाही. हॉलच्या मागच्या बाजूला खिडकी आहे, तिच्या बाहेर पाटी उलटी घालून तिच्यावर बसली. त्यानंतर दर शुक्रवारी तिथेच.

मी एकदा तिला म्हटलं, "आत का येत नाहीस? मी बोलते टीचरांशी."

ती म्हणाली, "मना सगळं आयकू येतं. तेवढं बास हाय."

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. आग्नेस खिडकीबाहेर बसायला लागल्यावर महिन्याभराने टीचरांनी आपलं टेबल आणि फळा खोलीच्या त्या बाजूला हलवून घेतला. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "इथे वारा येतो." आवाजही जरा चढा लावायला लागल्या. आई म्हणायची, "बघ, आग्नेससाठी केलंय." मी म्हणायचे, वाऱ्यासाठी केलंय. मी अजूनही तेच म्हणते. दोन पावलं चालून दाराची कडी काढणं टेबल हलवण्यापेक्षा सोपं होतं.

पास्का म्हणजे ईस्टर, त्यानंतरचा रविवार हा दयेचा रविवार. त्या दिवशी गटातले लोक हातात मेणबत्ती घेऊन मिस्साला, म्हणजे मुख्य प्रार्थनाविधीला, सगळ्यांच्या पुढे चालत जातात, अशी जुनी पद्धत. टीचरांनी तिच्यात सुधारणा केली. मेणबत्ती हवी तर परीक्षा. शंभर मार्कांची, दोन तासांची, लेखी. पेपर मीच टाइप केला होता. 'दया म्हणजे काय ते सांगून शुभवर्तमानातील तीन उदाहरणे द्या. मार्क वीस.' 'गाळलेल्या जागा भरा.' 'जोड्या लावा.' पासाला पस्तीस. टाइप करताना मला हसू येत होतं. घरी आले तर आई देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकून बसली होती, पास होऊ दे म्हणून.

आई एकतीसवर अडकली. तिने दयेची तीन उदाहरणं दिली होती. एक शेजारच्या कदम काकूंचं होतं, ज्यांनी माझ्या वडिलांच्या आजारपणात महिनाभर आम्हाला डबा दिला. दुसरं आमच्या जुन्या चाळीतल्या पोस्टमनचं. तिसरं आग्नेसचं, ती मासे संपलेल्या दिवशीही कोणाला तरी देण्यासाठी दोन बोंबील बाजूला ठेवते म्हणून. तिन्हींवर लाल रेघ. समासात शेरा, 'शुभवर्तमानातील विचारली होती.'

मी पेपर घेऊन टीचरांच्या घरी गेले. हे काही शाळेचं बोर्ड नाही, चार मार्कांनी काय बिघडतं, ती रात्रंदिवस अभ्यास करत होती, असं सगळं बोलले. शेवटी म्हटलं, "टीचर, दया म्हणून तरी चार मार्क द्या."

त्यांनी पेपराची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाल्या, "दया शिकवायची असते, अनिता. वाटत सुटायची नसते. तुझ्या आईला मी वाटून दिली तर तिला वाटेल आपल्याला आलीच आहे."

त्या रविवारी आई मेणबत्तीशिवाय शेवटच्या बाकावर बसली. मला म्हणाली, "पुढच्या वर्षी नक्की." तिला राग आला नव्हता, तो सगळा माझ्या वाट्याला आला होता.

पुढचं वर्ष आईला मिळालं नाही. पावसाळा संपता संपता तिचं पोट दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला केबिनबाहेर नेऊन सांगितलं की आता कापाकापी करण्यात अर्थ नाही, घरी ठेवा, त्रास होणार नाही एवढं बघा. आईला आम्ही काही सांगितलं नाही. पण तिला माहीत होतं, कारण तिने एकच गोष्ट मागायला सुरुवात केली.

आमच्या गटात एक रिवाज होता, टीचरांच्याही आधीपासूनचा. सभासद आजारी पडला की शुक्रवारी तीन वाजता सगळा गट त्याच्या घरी जायचा आणि बिछान्याभोवती बसून दयेची जपमाळ म्हणायचा. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाजवळ ती म्हटली गेली तर देव त्याला भीती न दाखवता जवळ घेतो, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. आई स्वतः अशी कितीतरी जणांच्या घरी जाऊन बसली होती, चार चार जिने चढून. आता तिला वाटत होतं की आपल्याकडे सगळ्यांनी यावं. "टीचर पुढे असतील," ती म्हणायची, "त्यांचा आवाज स्वच्छ आहे. देवाला नीट ऐकू जाईल."

मी टीचरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "बघते." मला वाटलं, येतात. कोणालाही तसंच वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी आईने मला नवीन चादर काढायला लावली. कदम काकूंनी त्यांच्याकडच्या खुर्च्या आणल्या, शिवाय गावाहून, खेडहून आलेल्या कोकमाचं सरबत करून ठेवलं. "अगो, एवढी माणसं येणार, त्यांना काय नुसतं पाणी देणार आहेस?" काकू म्हणाल्या. आईने केस विंचरून घेतले, हातात वही घेतली आणि उशीला टेकून बसली. बसणं तिला जमत नव्हतं, तरी बसली. तीन वाजले. सव्वातीन झाले. मी गॅलरीत जाऊन खाली बघत होते. टीचरांना फोन लावला तर लागेना, कारण वर्गाच्या वेळी सगळ्यांचे फोन बंद करून टोपलीत ठेवायचे हा नियम पाचवा. म्हणजे वर्ग चालू होता. आई म्हणाली, "रिक्षा मिळाली नसेल. अख्खा गट यायचा म्हणजे चार रिक्षा लागतात." कदम काकू आत जाऊन उगाच भांडी हलवत राहिल्या.

पावणेचारच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. एकटी आग्नेस होती. पाटी तिने खाली वॉचमनकडे ठेवली होती, आणि धावत आल्यासारखी धापा टाकत होती. मी दार उघडलं तेव्हा तिने मला बाहेरच ओढलं आणि हळू आवाजात सांगितलं.

"टीचरनी हजेरी घेतली. मोनिका तीन शुक्रवार गैरहजर, रजेचा अर्ज न्हाय, नाव कमी केलं, असं बोलली. मंग फळ्यावर शिकवायला लागली. कोण काय बोललं न्हाय."

"कोणीच?"

"कोण न्हाय. मी भायेर होते, मी काय बोलणार? मंग मनात आलं, आपलं तं नावच न्हाय वहीत, आपल्याला कोण कापणार? आले."

मी आईच्या आजाराचं गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं होतं. पंधरा जणींनी हात जोडलेली चित्रं पाठवली होती. पण नियम बारावा, रजेचा अर्ज कागदावर, सहीनिशी. तो नियम मीच टाइप केलेला होता आणि साफ विसरले होते.

आग्नेस आत गेली, हात धुतले, आईच्या पायाशी बसली. आईने विचारलं, "टीचर नाही आल्या?"

"टीचरनीच धाडलं मना," आग्नेस म्हणाली. "वर्ग सोडून येता येत न्हाय तिला. बोलली, तू जा आग्नेस, मोनिकाकडे म्हणून ये."

आईचा चेहरा इतका खुलला की मी भिंतीकडे वळले. "बघ," ती मला म्हणाली, "मी सांगत नव्हते?"

आग्नेसने जपमाळ म्हटली. सगळी, दहा दहा मण्यांची पाचही दशकं, एकही शब्द न चुकता. खिडकीबाहेर बसून शिकलेली. उच्चारही टीचरांचे होते, प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ. आग्नेसच्या तोंडून टीचर बोलत होत्या आणि आई डोळे मिटून ऐकत होती. कदम काकू दारात हात जोडून उभ्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या.

मंगळवारी आई गेली. टीचरांनी आपली आठवण ठेवली याच समाधानात गेली. ते समाधान खोटं होतं आणि मी ते मोडलं नाही. पण त्याचं पुण्य ज्या बाईच्या खात्यावर गेलं तिने ते कमावलेलं नव्हतं, हे मला आजही सहन होत नाही.

टीचर अंत्यविधीला आल्या. वेळेवर. कबरीवर माती टाकून झाल्यावर त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अर्ज दिला असतास तर मी सगळ्यांना घेऊन आले असते. पुढे मीच असते. नियम तुझ्या आईसाठी मोडला असता तर उद्या कोणासाठी पाळणार होते मी?"

आणि त्या खरं बोलत होत्या. अर्ज असता तर त्या आल्या असत्या, उन्हातान्हात चार रिक्षा करून आल्या असत्या, आणि आईजवळ तिला हवा होता तसाच स्वच्छ आवाज लावला असता. चार ओळींचा कागद नव्हता म्हणून आल्या नाहीत. दुष्ट माणूस परवडतो, त्याला शिव्या देता येतात. मी त्यांना एवढंच म्हटलं, "टीचर, मी उद्यापासून टाइप करणार नाही." त्या म्हणाल्या, "तसं लेखी दे."

दिलं नाही. तेवढीच माझी बंडखोरी. त्यानंतर मी गटात गेले नाही. पण कानावर यायचं. नियम एकवीस झाले. पंधरा बायकांच्या दहा झाल्या, दहाच्या सहा. कोणाचे गुडघे, कोणाची नातवंडं, कोणाचा राग. शेवटी शेवटी आत तीन बायका आणि बाहेर आग्नेस असा वर्ग चालायचा, आणि तरीही दोन पंचावन्नला कडी लागायची.

मग एके दिवशी टीचरांना अर्धांगवायूचा झटका आला. फळ्यासमोरच खाली बसल्या म्हणे. त्यांचा भाचा रॉनी त्यांना आपल्याकडे, मीरा रोडला हाटकेशच्या बाजूला घेऊन गेला. हॉल नाचाच्या क्लासला दिला गेला.

महिन्याभराने रॉनीचा फोन आला. "अनिताताई ना? मावशीच्या वहीत नंबर होता. डॉक्टर बोलतायत, काही दिवसच आहेत. ती सारखी शुक्रवार, तीन, असं काहीतरी बोलतेय. तुमच्यात ते प्रेयर असतं ना? मी सगळ्यांना फोन केले. कोणाला जमत नाहीये. तुम्ही याल?"

मी हो म्हटलं. का म्हटलं ते स्पष्ट सांगते. दयेपोटी नाही. मला त्यांना तशा अवस्थेत बघायचं होतं, आणि त्यांच्या तोंडून आईबद्दल एक शब्द ऐकायचा होता. चुकलं, एवढा एकच शब्द. मी तो दोन वर्षं मनात त्यांच्याकडून म्हणवून घेत होते.

आग्नेसला निरोप धाडला. ती त्या दिवशी बाजारातच गेली नाही. मिस्साची साडी नेसून, गजरा माळून बसस्टॉपवर उभी होती. रिक्षात मला म्हणाली, "बरं झालं तू येतेस. मना पाठ हाय, पन टीचरपुढे म्हणायचं म्हंजे भ्या वाटतं. तू सांग, मी पाठून बोलते."

टीचर पाठीवर निजल्या होत्या. उजवी बाजू गेली होती, तोंड एका अंगाला ओढलं गेलं होतं. साडी नव्हती, फुलाफुलांचा गाऊन होता, आणि त्यात त्या कोणीतरी दुसऱ्याच वाटत होत्या. डोळे मात्र तेच. आम्ही आत शिरताच त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीनला दोन मिनिटं होती.

मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "टीचर, माझी आई आठवते?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग जीभ गोळा करून म्हणाल्या, "मो…निका." मी थांबले. ओठ पुन्हा हलले. "अर्ज," त्या म्हणाल्या.

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही. अर्ज मागायला नको होता, असंही असेल. अर्ज आला नाही, असंही असेल. आग्नेस रिक्षात परतताना म्हणाली, "तिला वाईट वाटलं गं." मला तसं वाटलं नाही. मला वाटून घ्यायचंही नव्हतं.

तीन वाजले आणि मी सुरुवात केली. आजाऱ्यासाठी ही जपमाळ म्हणताना दर दहा मण्यांनंतर थांबायचं असतं. पुढे सांगणाऱ्याने आजाऱ्याचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर दया मागायची. पहिले दहा मणी झाले. मी थांबले, आणि नाव माझ्या तोंडातून निघेना. खोटं का बोलू, काढलंच नाही. सरळ पुढच्या मण्यावर गेले. आग्नेसने एकदा माझ्याकडे बघितलं, तिला वाटलं असेल मी विसरले. दुसऱ्या दहा मण्यांनंतरही तेच.

टीचरांच्या ते लक्षात आलं. त्यांच्या लक्षात आलं नसतं तरच नवल. त्यांचा डावा हात चादरीवर होता आणि बोटं मोजत होती. तिसरे दहा मणी संपले, मी श्वास घेतला, आणि त्या तेवढ्या जागेत बिछान्यावरून आवाज आला, वाकडा, लाळेत भिजलेला.

"गर्… ट्रूड."

आग्नेसने लगेच तिच्यावर दया मागितली, मोठ्याने, मनापासून. रॉनी दाराशी तोंड फिरवून उभा राहिला. मी पुढचा मणी ओढला.

चौथ्या वेळीही टीचरांनी स्वतःचं नाव स्वतःच घेतलं. पाचव्या दहा मण्यांनंतर मी जरा जास्त थांबले. त्या वेळी मी नाव घेणार होते, पण त्याच आधी बोलल्या, असं मी आग्नेसला नंतर सांगितलं. ते खरं नाही. मी थांबले कारण त्या बोलणार हे मला माहीत होतं, आणि मला ते ऐकायचं होतं. त्यांना आता तीन तुकडे करावे लागले त्या नावाचे. आग्नेसने दया मागितली. टीचर माझ्याकडे बघत होत्या, माझ्या ओठांकडे. मी जपमाळ पर्समध्ये ठेवली आणि रॉनीला म्हटलं, आम्ही निघतो.